चाळिशीतले बाबा आणि वजने

मुलांनो, सुटीत भारतात गेलात की आजोबांची बिनबाह्यांची पांढरी बनियन दोरीवर वाळत असलेली तुम्ही पाहिली असेल. तिला सगळे ‘सँडो बनियन’ म्हणतात. सँडो हे काही कापडाचे किंवा गिरणीचे नाव नाही. युजेन सँडो हा एक पहिलवान होता. त्याचा जन्म १८६७ साली तेव्हाच्या प्रशियात झाला, पण त्याने नाव काढले ते इथे लंडनमध्ये. १८९७ साली त्याने सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामशाळा काढली. १९०१ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पिळदार शरीराची मोठी स्पर्धा भरवली आणि तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल होते! त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने आगबोटीने हिंदुस्थानातही पोचत.

ती विकत घेणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. १८९७ साली त्यांनी सँडोचे पुस्तक आणि सगळी साधने घेतली व पुढची दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास, म्हणजे ऐन चाळिशीला टेकल्यावर, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. पुढच्याच वर्षी ते औंधच्या गादीवर आले आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचा केला. १९३६ साली ते इंग्लंडला आले होते. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्येच निघाले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे इथे भारताचे हायकमिशनर होते. म्हणजे लंडनहून औंधला वजने गेली आणि औंधहून लंडनला नमस्कार आले, असा हा व्यवहार झाला.

आम्हाला या गोष्टीतले वय महत्त्वाचे वाटते. चाळिशीला राजेसाहेबांनी व्यायाम सोडला नाही, व्यायामाची रीत बदलली. आपल्या वर्गातल्या बऱ्याच बाबांचे आणि काही आयांचेही आज तेच वय आहे. मुलांना शनिवारी वर्गात सोडून जिमला जाणारे पालक आम्हाला ठाऊक आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मुलांसाठी एक हिशेब. भारतात जाताना विमानाच्या बॅगेला बहुधा २३ किलोची मर्यादा असते. न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग तोलून, मग पापड काढून, मग लोणचे काढून आपण ती २३ वर आणतो. ती जमिनीवरून नीट उचलणे, म्हणजे पाठ सरळ, जोर पायांत आणि बॅग अंगाजवळ, याच हालचालीला जिममध्ये ‘डेडलिफ्ट’ म्हणतात. बाबा तिथे दांड्याला चकत्या लावून हेच करतात. हाउन्सलोत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. हीथ्रोवर रोज शेकडो बॅगा उचलणारी माणसे आपल्याच गल्लीत राहतात.

आता शरीरात काय होते ते पाहू. वजन उचलताना स्नायूंवर ताण येतो आणि त्यांचे बारीक तंतू थोडेफार दुखावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते ते यामुळे. पुढच्या काही दिवसांत शरीर ती डागडुजी करते आणि करताना पूर्वीपेक्षा थोडी मजबुती ठेवते. म्हणजे ताकद वाढते ती वजन खाली ठेवल्यानंतर, जेवताना आणि झोपेत. विशीत ही दुरुस्ती झटपट होते. चाळिशीत तीच दुरुस्ती होते, पण गवंडी सावकाश काम करतो. मधल्या दिवशी पुन्हा तेच अंग राबवले तर ओल्या भिंतीवर वीट रचल्यासारखे होते.

यात एक गोम आहे. स्नायू हाडाला ज्या दोरीने बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या मागे हात लावून पाहा, तिथली जाड दोरी म्हणजे कंडराच. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात. आपल्या वर्गातल्या एका बाबांनी पंधरा वर्षांनी पुन्हा व्यायाम धरला. कॉलेजातले आकडे डोक्यात होतेच. दोन महिन्यांत दंड भरले, दमही टिकू लागला आणि त्यांनी दर आठवड्याला चकत्या वाढवल्या. तिसऱ्या महिन्यात कोपर धरले. चहाची किटली उचलताना कळ येई. बरे व्हायला पाच महिने लागले आणि तेही व्यायाम पूर्ण बंद करून नव्हे, तर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने अगदी हलकी वजने सावकाश उचलून. कंडरेला नुसती विश्रांती मानवत नाही, तिला बेताचे काम हवे असते.

म्हणून पालकहो, आमचे म्हणणे असे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत. इथल्या सरकारी आरोग्य सल्ल्यातही मोठ्या माणसांनी निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असेच आहे. एकाच अंगाला पुन्हा राबवण्याआधी दोन दिवस जाऊ द्यावेत. दहा वेळा जमेल असे वाटले तर आठवर थांबावे. चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. श्वास कोंडून वजन उचलू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. उचलताना श्वास सोडावा. रात्रपाळी करून आलेल्याने त्या सकाळी जड वजनाला हात लावू नये. आधी झोपावे, व्यायाम कुठे पळून जात नाही.

मग जेवण. आपल्या तालमीत खुराकाला व्यायामाइतकाच मान असे. दूध, तूप, बदामाची थंडाई ही त्यातली ठरलेली नावे. सहा तास माती घुसळणाऱ्या मल्लाला ते पचे. ऑफिसात बसणाऱ्याने त्यातले तूप-बदाम जरा हात राखूनच घ्यावेत, पण प्रथिनांकडे मात्र लक्ष द्यावे. साधारण माणसाला दर किलो वजनामागे पाऊण ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्याला त्याच्या सुमारे दुप्पट लागतात. ७० किलोच्या माणसाला शंभराच्या वर ग्रॅम झाली. पेलाभर दुधात ७ च्या आसपास, एका अंड्यात ६ ते ७. तेव्हा नुसत्या वरणभातावर हे भागत नाही. उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. (एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन डेडलिफ्ट करणाऱ्यांनी निदान दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे.) मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारावे.

राजेसाहेबांशी आमचा एका बाबतीत मतभेद आहे. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही, जागा फारशी लागत नाही, घरातल्या थोरामोठ्यांना आणि मुलाबाळांना एकत्र करता येतो, हे त्यांचे सांगणे सोळा आणे खरे. अंग मोकळे ठेवायला आणि नेम लागायला त्याच्यासारखा व्यायाम नाही. वजनांच्या मधल्या दिवशी तर तो फार उपयोगी. पण त्यात ढकलणे आहे, ओढणे नाही आणि भार नेहमी आपल्या अंगाइतकाच राहतो. तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दहा वर्षांनी स्नायू शेकडा ३ ते ८ घटतात, असे सर्वसाधारण मानतात. त्याला अडवायला हळूहळू वाढणारा भार हवा. तालमीत जोरांबरोबर बैठका, मुद्गल आणि दोर होते ते उगाच नव्हेत.

आपल्या लोकांना या स्नायूंची गरज अंमळ जास्तच आहे. जेवणातली साखर रक्तातून उचलून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात आणि दक्षिण आशियाई माणसांना मधुमेह इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा अधिक प्रमाणात आणि लवकरच्या वयात होतो. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या, असा आजार आधीपासून नसलेल्या माणसाला इंग्लंडात दर पाच वर्षांनी एनएचएसची आरोग्य तपासणी फुकट मिळते. तिचे बोलावणे आले की पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवू नका, जाऊन या. शिवाय इथल्या उन्हाचा भरवसा नाही आणि आपली कातडी सावळी, म्हणून रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व बारा महिने घेण्याचा विचार करा, असा एनएचएसचाच सल्ला आहे. हाडांना आणि स्नायूंना दोघांनाही ते लागते.

मुलांनो, तुम्ही इतक्यात चकत्यांच्या मागे लागू नका. दोरीउड्या मारा, झाडावर लोंबकळा, बैठका काढा आणि बाबांच्या हलक्या आठवड्यात त्यांना आळशी म्हणू नका.