हरभऱ्याची ॲलर्जी आणि बालकाचे संगोपन

कुर्ला स्थानकाबाहेरील वडापावची गाडी कोणाही बालकास मोह पाडते. परंतु ज्यास हरभऱ्याची ॲलर्जी आहे, अशा बालकास वड्यावरील बेसनाचे पातळ आवरणही घातक ठरू शकते. त्याच तेलात तळलेला अन्य पदार्थही त्याच्यासाठी सुरक्षित नसतो.

या विकारात शरीराची संरक्षण यंत्रणा अन्नातील निरुपद्रवी प्रथिनास शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, वांती होते. श्वास कोंडू लागल्यास वा बालक निपचित पडल्यास प्राणावर बेतते. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार होय. १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनांविषयीच्या २०२० च्या केंद्रीय विनियमांनुसार दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादी ॲलर्जीकारक घटकांची सूचना वेष्टनावर देणे बंधनकारक आहे. त्या यादीत हरभऱ्याचा समावेश नाही. म्हणून पालकांनी वेष्टनावरील सर्व घटक वाचावेत. सुट्या शेव-फरसाणास तर वेष्टनच नसते.

घरात पुरणपोळी टाळता येते. अंगणवाडीत हातावर ठेवलेला बेसनाचा लाडू नाकारणे तीन वर्षांच्या बालकास जमत नाही. यास्तव पालकांनी डॉक्टरांची लेखी सूचना प्रवेशाच्या वेळीच सेविकेस अथवा शिक्षकास द्यावी व ती स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत पोहोचवली जावी. इतर डाळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत. त्यामुळे पोषणात उणीव राहते.

“एवढ्याशाने काय होते?” हा प्रेमळ आग्रहच अशा बालकाच्या जिवावर बेतू शकतो.