सुट्टीची सहल आणि नमुन्यातून गळलेली माणसं

समजा, तुमचा विषय ठरलाय : दुबईतल्या भारतीय कुटुंबांचा फावला वेळ. जानेवारीतल्या एका रविवारी तुम्ही मुशरिफ पार्कात जाता. घाफच्या झाडांखाली चटया अंथरल्यात, शेगड्या पेटल्यात, पोरं सायकली पळवतायत. वाटतं, इथल्या शंभर कुटुंबांना प्रश्नावली दिली की झालं काम! जरा थांबा.

आधी विचारा, इथे कोण दिसत नाहीये? संयुक्त अरब अमिरातीत नोकरदाराला बायको-मुलं आणायची तर दरमहा किमान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा. ही अट २०१९ची. त्याहून कमी मिळवणारा एकटाच राहतो, त्याचं घर रत्नागिरीत किंवा मलप्पुरममध्ये. कुटुंब त्यालाही आहे, पण दोन देशांत वाटलेलं. कदाचित सुट्टीच्या दिवशीचा व्हिडिओ कॉल हीच त्याची सहल. म्हणजे तुमचा नमुना पार्कच्या फाटकावर नाही, त्याच्या कितीतरी आधी, पगाराच्या अटीने चाळला गेलाय. यालाच सिलेक्शन बायस म्हणतात.

दुसरा प्रश्न : तुम्ही कधी गेलात? जुलैत पारा चाळिशीपार, शाळा बंद, बरीच कुटुंबं भारतात, उरलेली मॉलमध्ये. आणि मुलाखतीत कोणी ‘आमची शुक्रवारची सहल’ म्हणालं, तर साल विचारा. जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली. शुक्रवारी अर्धा दिवस काम. शारजात मात्र शुक्रवार ते रविवार. खाजगी नोकरीत अनेकांना आठवड्यातून एकच दिवस मिळतो.

तिसरा : ही सहल नक्की कोणाचा फावला वेळ? नवरा-बायको दोघांकडून त्या दिवसाची तासावार नोंद वेगवेगळी घ्या. मसाला लावायला सकाळी किती वाजता उठावं लागलं, हे बहुधा एकाच वहीत सापडेल.

सोबत नेहा व्होरा यांचं ‘इम्पॉसिबल सिटिझन्स’ (२०१३) वाचा. नागरिकत्व मिळणार नाही हे ठाऊक असूनही दुबईतले भारतीय त्या शहराशी नातं कसं जोडतात, ते त्यात आहे.

आणि पार्कातच काम करायचं असेल, तरी हरकत नाही. फक्त शीर्षकात ‘भारतीय कुटुंबं’ लिहू नका. ‘पार्कात भेटलेली, एकत्र राहू शकणारी भारतीय कुटुंबं’ लिहा. शीर्षक लांबेल, पण व्हायवात तुम्हाला ते टिकवता येईल.