कोसळला, पण गळला नाही

१८ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी अनेक वेबसाइटींपुढे उभी असणारी क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा कोसळली आणि एक्स, चॅटजीपीटीही तिच्याबरोबर आडवे झाले. त्याच दिवशी कंपनीने सविस्तर कारणं दिली. त्यातला रस्ट भाषेतला ‘अनरॅप’ लोकांनी नेमका उचलला. सुरक्षिततेचा तोरा मिरवणाऱ्या भाषेची जिरली, असा एकूण सूर. मला तो पटत नाही.

झालं असं, की डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या. क्वेरीत डेटाबेसचं नाव घातलेलं नव्हतं, म्हणून नोंदी दुबार आल्या आणि बॉट ओळखायची फाइल फुगली. सर्व्हरची मर्यादा २०० फीचर्सची (बॉट ओळखायच्या खुणांची), एरवी लागायची साठेक. मर्यादा ओलांडल्यावर चूक झाल्याचं कोडला कळलं होतं. पण पुढे अनरॅप लिहिलेलं, म्हणजे ‘चूक होणारच नाही, झालीच तर मर’. कोड मुकाट मेला; रस्टमध्ये याला पॅनिक म्हणतात.

याच कंपनीचं २०१७ आठवा. सी भाषेतल्या पार्सरमध्ये पॉइंटर बफरच्या टोकाशी ‘बरोबर’ आहे का, एवढंच तपासलेलं. ‘बरोबर किंवा पुढे’ नव्हे. पॉइंटर टोक ओलांडून गेला आणि मेमरीतल्या परक्यांच्या कुकीज, टोकन, खासगी मजकूर वेबपानांत मिसळून बाहेर पडला. काही तर सर्च इंजिनांनी साठवूनही ठेवला. गुगलच्या टाव्हिस ऑर्मंडीच्या नजरेला ते पडलं, तोवर सगळं सुरळीतच दिसत होतं. असं गळण्यापेक्षा कोसळणं परवडलं.

रस्टमध्ये हलकी वेब फ्रेमवर्क लिहिण्याची सध्या हौसच आहे. सॉकेट, हेडर, रूटिंग जमून जातं. कस लागतो तो अशी चूक झाली तर काय करायचं यात. ‘टोकियो’ या रस्ट प्रकल्पाच्या मंडळींची अ‍ॅक्सम ही फ्रेमवर्क मला त्यासाठीच आवडते. हँडलरने चूक परत केली, तर तिचं एचटीटीपी उत्तर कसं बनवायचं हे सांगितल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. हँडलर पॅनिक झालाच, तर सहसा तेवढं कनेक्शन तुटतं, बाकीची चालू राहतात. मात्र प्रत्येक विनंतीच्या वाटेत तीच बिघडलेली फाइल आली, तर फ्रेमवर्क तरी काय करणार? ‘नवी वाचता आली नाही तर जुनी वापर’ हे माणसालाच लिहावं लागतं.

आणि न कोसळता चुकणं त्या दिवशीही होतंच. क्लाउडफ्लेअरचे जे ग्राहक नव्याऐवजी जुन्याच प्रॉक्सीवर (साइटपुढच्या मध्यस्थ सर्व्हरवर) होते, त्यांना एररसुद्धा दिसली नाही. तिथे सरसकट सगळ्यांना बॉट-गुण शून्य, म्हणजे सगळेच बॉट. ज्यांनी बॉट अडवायचे नियम लावले होते, त्यांच्या साइटी खऱ्या माणसांनाही बाहेर ठेवू लागल्या.