नायक कोण, विरोधक कोण?

सज्जन तो नायक आणि दुष्ट तो खलनायक, असं धरून कादंबरी वाचायला घेतली की हमखास फसगत होते. नायक ओळखावा त्याच्या ओढीवरून. कोणाला काहीतरी जिवापाड हवं आहे, कोणाच्या निर्णयांनी कथा पुढे सरकते, ते पाहावं. त्या वाटेत आडवं येतं ते विरोधक.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) घ्या. महाभारतात कौरवांच्या बाजूने लढणारा कर्ण इथे नायक होतो, कारण त्याची सल आपण त्याच्याच तोंडून ऐकतो. म्हणून अर्जुन काही दुष्ट ठरत नाही. शेवटचं निवेदन तर खुद्द श्रीकृष्णाचं आहे, आणि तरीही कथा कर्णाचीच राहते.

‘बनगरवाडी’त (१९५५) खलनायक शोधूच नये. गोष्ट सांगतो तरुण मास्तर, पण जगते आणि उजाड होते ती धनगरांची वाडी, आणि तिच्यापुढे उभा ठाकतो दुष्काळ. खांडेकरांच्या ‘ययाति’त राजाचा खरा वैरी त्याची स्वतःचीच वासना आहे; पत्नी देवयानीवर सगळा दोष ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढची कादंबरी वाचताना निम्म्यावर थांबा आणि स्वतःला विचारा: मला नायक वाटणारं पात्र काढून टाकलं, तर कथा उरेल का?