नळाचं पाणी कठीण का होतं? कॅनडातल्या यॉर्कटन शहराचं उदाहरण

साबण घासला तरी फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. अशा पाण्याला आपल्याकडे 'जड पाणी' म्हणतात. पुस्तकात याचंच नाव आहे कठीण पाणी किंवा दुष्फेन पाणी. बोअरवेलच्या गावातल्या मुलांना हे सांगायलाच नको! पण भरपूर बर्फ पडणाऱ्या, श्रीमंत समजल्या जाणाऱ्या कॅनडातही अनेक घरांत हीच तक्रार असते. ती का, हे आज आपण समजून घेऊ.

यॉर्कटन कुठे आहे?

कॅनडाच्या मध्यभागी गवताळ, सपाट मैदानांचा मोठा पट्टा आहे. त्याला प्रेअरी म्हणतात. गव्हाची आणि कनोलाची शेती इथेच होते. या पट्ट्यातल्या सस्कॅचेवन प्रांतात यॉर्कटन हे साधारण १६ हजार वस्तीचं छोटं शहर आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं म्हणा ना. या शहराला मोठ्या नदीचं पाणी नाही. नळाला येणारं पाणी जमिनीखालून, खोल विहिरींमधून उपसलेलं असतं.

पाण्यात दगड कसा शिरतो?

हजारो वर्षांपूर्वी हा सगळा भाग प्रचंड जाड बर्फाच्या थराखाली होता. तो बर्फ सरकताना खालचे खडक दळत गेला, अगदी जात्यासारखा. साधारण १० ते १२ हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळला आणि माती, वाळू, गोटे, चुनखडीचा चुरा असं सगळं मिश्रण मागे राहिलं. त्यातल्या वाळू-गोट्यांच्या थरांत आज भूजल साठलेलं आहे.

आता गंमत बघा. पावसाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. चुनखडी साध्या पाण्यात फारशी विरघळत नाही, पण या सौम्य आम्लात हळूहळू विरघळते. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. पाणी जितका जास्त काळ जमिनीखाली राहील, तितकी ही भर जास्त. पाणी दिसायला मात्र स्वच्छच!

कठीणपणा कसा मोजतात?

एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम, यावर हा हिशोब असतो. सर्वसाधारण वर्गवारी अशी:

- ० ते ६० : मृदू
- ६१ ते १२० : मध्यम कठीण
- १२१ ते १८० : कठीण
- १८० च्या वर : अतिकठीण

प्रेअरीतल्या विहिरींचं पाणी बहुतेक वेळा शेवटच्या गटात बसतं.

एक गणित करू. समजा, पाण्याचा कठीणपणा ३०० आहे आणि एक कुटुंब दिवसाला ५०० लिटर पाणी वापरतं. ३०० गुणिले ५०० म्हणजे १,५०,००० मिलिग्रॅम, म्हणजेच १५० ग्रॅम. महिन्याला झाले साडेचार किलो! यातला बराचसा भाग पाण्याबरोबर वाहून जातो, पण जो घरात राहतो तो त्रास देतो.

घरात काय काय होतं?

१. पाणी तापवायची टाकी : सर्वात मोठा खर्च इथे. कठीण पाणी तापवलं की विरघळलेला चुना पुन्हा घन होऊन खाली बसतो. म्हणूनच किटलीत पांढरी खपली धरते. प्रेअरीत हिवाळ्यात तापमान उणे ३० पर्यंतही उतरतं, त्यामुळे तिथे गरम पाणी ही चैन नाही, गरज आहे. घराच्या तळघरात मोठी टाकी असते आणि ती बारा महिने चालू असते. तिच्या तळाशी थर साचला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, इंधन जास्त जळतं, टाकीतून फटफट असा आवाज येतो आणि ती लवकर निकामी होते.

२. साबण आणि कपडे : साबणाची कॅल्शियमशी क्रिया होऊन न विरघळणारी चिकट मळी तयार होते. बादलीला, फरशीला बसते ती हीच. साबण मळी करण्यात खर्च होतो, फेस येत नाही. कपडे कडक आणि मळकट वाटतात.

३. स्वयंपाक : कॅल्शियममुळे डाळी-कडधान्यांच्या सालीतलं पेक्टिन घट्ट होतं. हरभरा, राजमा शिजायला वेळ लागतो. चहावर तवंग येतो.

४. नळ आणि शॉवर : बारीक भोकं बुजतात, काचेच्या भांड्यांवर पांढरे डाग पडतात. व्हिनेगर लावून ठेवलं की ते निघतात, कारण आम्लात चुना विरघळतो.

मग हे पाणी पिऊ नये का?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. कठीण पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कमाल मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकात स्वीकारार्ह पातळी २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. मात्र पाण्यात जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल, तर तो वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. तो फेसावरून कळत नाही, त्यासाठी तपासणीच करावी लागते.

उपाय आणि त्याची किंमत

तिथल्या अनेक घरांत पाणी मृदू करणारं यंत्र बसवतात. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. त्यासाठी मिठाच्या गोण्या आणायच्या आणि ते खारं पाणी गटारात सोडायचं.

हिशोब बघा. कठीणपणा १०० ने कमी केला की लिटरमागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ३०० चा कठीणपणा काढला तर १३८. दोन लिटर पाणी प्यायलं तर २७६ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत सोडियम ठेवायला सांगते. म्हणजे जवळपास सातवा हिस्सा नुसत्या पाण्यातून! घरात रक्तदाबाचा त्रास असलेले आजी-आजोबा असतील तर हे लक्षात घ्यायलाच हवं. म्हणून पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ या यंत्राला जोडतच नाहीत. अंघोळीला, कपड्यांना मृदू पाणी आणि प्यायला मूळचं पाणी. टाकी वाचते आणि माणूसही.

आपल्याकडेही कोणी घरी येऊन "तुमचं पाणी खराब आहे, यंत्र घ्या" म्हणालं, तर आधी विचारा : नेमकं काय जास्त आहे? तपासणीचा कागद कुठे आहे?

करून पाहा

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं आणि दुसरीत बोअरचं पाणी अर्धी बाटली भरा. अंगाच्या साबणाचा किस पाण्यात विरघळवून दोन्हींत दहा-दहा थेंब टाका आणि सारखंच हलवा. फेसाची उंची पट्टीने मोजा. (कपड्याची पावडर वापरू नका, ती कठीण पाण्यातही फेस देते.)

विचार करा

१. पाणी उकळल्यावर सगळाच कठीणपणा जातो का? तात्पुरता आणि कायमचा कठीणपणा यांतला फरक लिहा.
२. पावसाचं पाणी मृदू का असतं?
३. तुमच्या गावातल्या विहिरीचं आणि धरणाचं पाणी यांत कोणतं जास्त कठीण असेल? कारण सांगा.