चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जीच का?

मी डॉक्टर नाही. हैदराबादमध्ये राहणाऱ्या एका मराठी घरातली, साडेतीन वर्षांच्या मुलाची आई आहे. लहान मुलांच्या अन्नाच्या अ‍ॅलर्जीची चाचणी कशी होते आणि तिचा निकाल कसा समजून घ्यायचा, हे आज सांगणार आहे. मी ते आधी चुकून मग शिकले.

मुलगा दीड वर्षाचा होता. एकादशीला त्याने साबुदाण्याची खिचडी चार घास खाल्ली. दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, मग उलटी झाली. आम्हाला वाटलं, साबुदाणा बाधला. पूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलेलं खाजेचं सिरप घरात होतं, ते दिलं. दोन तासांत तो शांत झाला. दोन महिन्यांनी काकडीची कोशिंबीर खाल्ल्यावर पुन्हा तेच.

घाबरून मी डॉक्टरांना न विचारताच एका लॅबमधून रक्ताची मोठी तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे असे नऊ पदार्थ पॉझिटिव्ह आले. मी सगळेच बंद केले. पोळी नाही, वरण नाही, दूध-दही नाही. चार महिन्यांत मुलाचं वजन वाढायचं थांबलं आणि जेवायला बसवलं की तो रडू लागला.

तेव्हा कुठे आम्ही मुलांच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. काय खाल्लं? किती? किती मिनिटांनी त्रास झाला? तो पदार्थ त्याआधी खाल्ला होता का? खिचडीत आणि कोशिंबिरीत सारखं काय होतं? उत्तर माझ्या तोंडून आपोआप आलं: दाण्याचं कूट!

मग त्यांनी त्वचेवरची चाचणी करायचं ठरवलं. त्याआधी सात दिवस अ‍ॅलर्जीची औषधं बंद ठेवायला सांगितली. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही तेच औषध असतं, त्यामुळे तीही बंद. नाहीतर अ‍ॅलर्जी असूनही त्वचेवर काही उमटत नाही.

चाचणी सोपी असते. मुलाला मांडीवर घेतलं. हातावर पेनाने खुणा करून प्रत्येक खुणेपाशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवला. त्या थेंबातून त्वचेला बारीक टोचलं, रक्त येणार नाही इतकंच. दोन थेंब तुलनेसाठी असतात. एक हिस्टामिनचा, तिथे फुगवटा यायलाच हवा. दुसरा साध्या सलाइनचा, तिथे येता कामा नये. पंधरा मिनिटं आम्ही कार्टून बघितलं. मग डॉक्टरांनी पट्टीने फुगवटे मोजले. सलाइनच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठा फुगवटा आला, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात.

शेंगदाण्याचा फुगवटा नऊ मिलिमीटर, गव्हाचा तीन. दूध आणि तूरडाळीच्या जागी काहीच नाही. मी म्हटलं, "म्हणजे गहूसुद्धा बंदच ना?" डॉक्टरांनी विचारलं, "रिपोर्ट येण्याआधी तो पोळी खायचा का?" रोज खायचा, आणि कधीही त्रास झाला नव्हता.

इथेच खरी गोम आहे. रक्ताची असो वा त्वचेची, ही चाचणी शरीरात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आहेत का, एवढंच सांगते. ती असूनही अनेक मुलं तो पदार्थ आरामात पचवतात. अ‍ॅलर्जी म्हणायची ती खाल्ल्यावर त्रास होत असेल तर. फुगवटा मोठा, तर अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त. पण पुढचा झटका किती जोराचा असेल, हे त्यावरून कळत नाही. आणि आयजीजी नावाची जी तपासणी विकली जाते, तिच्यावरून तर अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवताच येत नाही.

शंका उरली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खायला देऊन बघतात. मुलाचा गहू चार महिने बंद होता, म्हणून आम्ही तसंच केलं. दवाखान्यात बसून त्याने पोळीचे तुकडे खाल्ले, काही झालं नाही. दूध आणि वरणही परत सुरू झालं. ही परीक्षा घरी मात्र कधीही करू नका.

शेंगदाण्याच्या बाबतीत डॉक्टर ठाम होत्या. गांधी आणि उलटी एकत्र, म्हणजे तो अ‍ॅनाफिलॅक्सिसच होता. त्यावर सिरप पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन लगेच द्यायचं आणि मुलाला आडवं ठेवून हॉस्पिटल गाठायचं. आपल्याकडे तयार पेनसारखं इंजेक्शन सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी वजनाप्रमाणे डोस लिहून दिला, अँप्युल आणि सिरिंज वापरायला शिकवलं. मी संत्र्यावर सराव केला. एक संच घरी असतो, एक बालवाडीत.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, चिमूटभर देत राहिलं की सवय होईल." मी त्यांना डॉक्टरांकडेच घेऊन गेले. असे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या हाताखाली, मोजूनमापून होतात, हे त्यांना तिथे पटलं. आता आमच्या खिचडीत दाण्याऐवजी खोबरं असतं. घाण्याचं शेंगदाणा तेलही बंद केलंय, कारण त्यात दाण्याची प्रथिनं उरतात. पाकिटावरची अ‍ॅलर्जीची सूचना सासूबाई माझ्याआधी वाचतात.

म्हणून सांगते, लॅबमध्ये जाण्याआधी एक वही करा. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने काय झालं, ते लिहा. अंगावर काही उठलं तर फोटो काढा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या नऊ नावांतलं आमचं खरं नाव एकच होतं, आणि ते सापडलं प्रश्नोत्तरांतून. चाचणीने त्यावर फक्त शिक्का मारला.