टाळ्यांना मुभा, भोंग्याला मर्यादा

शालेय बास्केटबॉल सामन्याचे अखेरचे क्षण. दोन्ही संघांचे गुण समान. अशा वेळी एखादा कुमार खेळाडू फ्री थ्रोसाठी रेषेवर उभा राहतो. फळी त्याच्यापासून ४.६ मीटर अंतरावर असते आणि चेंडू टाकण्यास केवळ ५ सेकंद मिळतात. नेमक्या त्याच क्षणी प्रेक्षकांतून पिपाण्या, ताशे आणि ध्वनिवर्धकावरील गाण्यांचा गदारोळ उठला, तर कसोटी त्याच्या कौशल्याची होते की कानांची?

१८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेत हा खेळ सुरू केला. तेथील महाविद्यालयीन स्पर्धांच्या नियमांनुसार वाद्ये व ध्वनिवर्धकावरील संगीत खेळ थांबलेला असतानाच वाजवता येते. खेळ चालू असताना नाही. टाळ्यांना व तोंडी प्रोत्साहनाला मात्र मज्जाव नाही. यामागील कारण व्यावहारिक आहे. पंचांची शिट्टी, वेळाधिकाऱ्याचा भोंगा आणि प्रशिक्षकाची हाक खेळाडूंना स्पष्ट ऐकू आली, तरच खेळ न्याय्य होतो.

आपल्याकडे रात्री १० पूर्वी कितीही आवाज चालतो, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिवर्धकासाठी दिवसाही लेखी परवानगी आवश्यक असते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ध्वनिवर्धक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्याहून १० डेसिबलपर्यंतच, म्हणजे ६५ डेसिबलपर्यंतच आवाजाला मुभा आहे. घोषित शांतता क्षेत्रात तर ध्वनिवर्धकावर संगीत वाजवणे व ढोल-ताशे बडवणे दंडनीय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा नागरिकांचा हक्क अधोरेखित केला.

हा विषय आरोग्याचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबलला ही मुदत अवघी ४ तास उरते. मुलांसाठी मर्यादा याहून कडक आहे.

छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापासून शाळांच्या प्रांगणापर्यंत मुले खेळतात. मैदानाला लागून वस्ती असेल, तर तेथे कोणी रुग्ण असतो, कोणी अभ्यासात मग्न विद्यार्थी.

म्हणून आयोजकांनी सामन्यापूर्वीच तीन गोष्टी जाहीर कराव्यात: खेळ चालू असताना संगीत बंद, प्रेक्षकांत शिट्ट्या व भोंगे नकोत, प्रतिस्पर्ध्याच्या फ्री थ्रोला गोंगाट नको. ही अखेरची सूचना नियमापेक्षा संस्काराची आहे.

व्यापारी कुटुंबे स्पर्धांना चषक देतात, मंडप व ध्वनिव्यवस्थेचा खर्च उचलतात. देणगीचा धनादेश देतानाच या तीन अटी सांगितल्या, तर खर्च एक पैशानेही वाढणार नाही. व्यवहारात समोरच्या पक्षाची बाजू ऐकून घेणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांच्या मुलांनी प्रतिस्पर्ध्याला ५ सेकंदांची शांतता देणे अवघड नसावे.